सोडलेली भाकरी

"म्हणजे भूक मारायचा मंत्र तुमच्याजवळ नाही?"

त्र्यंबकराव वाघचौऱ्यांनी पुन्हा तेच विचारलं.

सोमगिरी बाबा चुलीपुढे बसले होते. त्यांनी एक काटकी आत सारली आणि हाताची राख झटकली.

"भुकेनं काय केलंय तुझं?"

"चिडचिड होते."

"एवढंच?"

त्र्यंबकराव म्हणजे उपासाचा माणूस. चातुर्मास एका जेवणावर, श्रावणातले सोमवार पाण्याशिवाय, नवरात्र दुधावर. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. उद्यापनाला बायाबापड्या पाया पडायला यायच्या आणि ते डोळे मिटून पाय पुढे करायचे. बाबांचा अनुग्रह त्यांनी तरुणपणीच घेतला होता. आपल्याइतका कडक शिष्य या डोंगरावरच्या मठाला दुसरा मिळाला नाही, असं त्यांना मनोमन वाटे.

यंदा तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर फार वाढली होती. भाकरी, पोळी, भात, गूळ, बटाटा सगळं बंद करा, म्हणाले. उपासाचा साबुदाणासुद्धा. त्र्यंबकराव तेव्हा हसले होते. सोडणं आम्हाला नवीन नाही, असं म्हणून दवाखान्यातून ताठ मानेनं बाहेर पडले होते.

आणि आठवडा उलटायच्या आत घरातली माणसं त्यांच्या पावलांचा कानोसा घ्यायला लागली.

"डोकं ठणकतं, बाबा. हातापायात त्राण राहत नाही. कुणी बोललं तरी राग येतो, नाही बोललं तरी येतो. आता डोंगर चढताना अंधारी आली, तसाच दगडावर बसलो. जन्मभर उपास केले, पण असं कधी झालं नाही. साधी भाकरी ती. तिच्यापायी मी..."

बाबांनी आपला उजवा हात त्यांच्यापुढे धरला. बोटांचे सांधे सुजून लाल झाले होते.

"थंडीनं आखडलेत. भाकरी थापता येत नाही. तू थाप."

"मी?"

"मला भूक लागलीय."

बाबा परीक्षा बघताहेत, हे त्र्यंबकरावांनी ओळखलं. त्यांना बरंच वाटलं. परीक्षेत ते कधी मागे हटले नव्हते. त्यांनी बाह्या सारल्या आणि पीठ मळायची काथवट पुढे ओढली.

पण बाजरीच्या पिठाला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. पाणी जास्त झालं, मग पीठ जास्त झालं. पहिली भाकरी उचलताना मधोमध तुटली. बाबांनी ती गोळा करून पुन्हा काथवटीत टाकली. दुसरी जेमतेम तव्यावर पडली. वरून पाणी फिरवताना त्र्यंबकरावांची बोटं भाजली. त्यांनी हात झटकला, ओठ आवळले.

मग वास सुटला.

तोच वास. त्यांची कानशिलं तापली. परवाही असंच झालं होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात नात बसली होती, ईश्वरी. तीन वर्षांची. हातात ऊन भाकरीचा चतकोर, वर तूप आणि गूळ. ती खाता खाता पाय हलवत होती. त्र्यंबकरावांनी तिच्या हातातून तो चतकोर ओढला आणि अंगणात भिरकावला. या घरात आता भाकरी भाजायची नाही, असं ओरडले. पोरगी रडलीसुद्धा नाही. नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

"करपतेय," बाबा म्हणाले.

त्र्यंबकरावांनी भाकरी उलटली.

"नात आता मी आलो की ताट पदराखाली सारते," ते खालच्या मानेनं म्हणाले. "आईच्या पदराखाली. सून तिला शेजारी नेऊन जेवू घालते. काल म्हणाली, उद्या दुपारच्या गाडीनं थोडे दिवस माहेरी जाऊन येते. मी नको म्हणालो नाही, जा म्हणालो नाही. उठून इकडे आलो."

बाबांनी भाकरी निखाऱ्याला लावली. ती एका बाजूनं फुगली, दुसरीकडून फाटली. त्यांनी ती आपल्या ताटात घेतली. मग दुसरं ताट काढलं, त्यात वांग्याचं भरीत वाढलं, भरपूर. मेथीची भाजी वाढली, वाटीत घट्ट दही घातलं आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे ठेवले. ते ताट त्र्यंबकरावांपुढे सरकवलं.

"जेव."

"मी एवढं खात नाही, बाबा."

"मग काय खातोस?"

"दुपारी काकडी. रात्री वाटीभर ताक."

"डॉक्टर म्हणाले?"

त्र्यंबकराव घुटमळले.

"नाही. ते म्हणाले, भाज्या, दही, पनीर, दाणे पोटभर खा. उपाशी राहू नका. पण मी म्हटलं, सोडायचं तर पुरतं सोडू. पोट भरून खाल्लं, तर त्याला त्याग कोण म्हणेल?"

बाबा हातातला घास तोंडाशी नेता नेता थांबले. पहिल्यांदाच त्यांनी शिष्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कोण म्हणायला हवं होतं? पाया पडायला कुणी आलं?"

त्र्यंबकरावांचा चेहरा उतरला. कुणी आलं नव्हतं. आजारासाठी भाकरी सोडणाऱ्याच्या पाया कोण पडतं? गल्लीत कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. ते दररोज ओसरीवर बसत होते, भुकेनं आतल्या आत पेटत होते, आणि माणसं बाजाराच्या पिशव्या घेऊन समोरून जात होती.

"भाकरी सोडलीस, त्र्यंबक," बाबा म्हणाले. "उपास कधी सोडणार?"

बाहेर मठाच्या पायऱ्यांवर ऊन आलं होतं. कुठंतरी खाली शेरडांच्या गळ्यातली घंटा वाजत होती. त्र्यंबकराव ताटाकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी बोटांनी भरीत उचललं. नुसतंच, भाकरीशिवाय. तोंडात घातलं. मग दुसरा घास. मग ते खाली मान घालून खात राहिले, आणि डोळ्यांतून पाणी ताटात पडत राहिलं. ते पुसायला त्यांचा हात थांबला नाही.

समोर बाबा ती वेडीवाकडी भाकरी चवीनं खात होते. वास अजून होताच. तो सोसत नव्हता, पण उठून जावंसंही वाटत नव्हतं.

"कच्ची राहिलीय का?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"कडेला थोडी."

"आणखी एक करू?"

"कर."

ही भाकरी आधीच्यापेक्षा बरी झाली. त्र्यंबकरावांनी ती बाबांच्या ताटात वाढली आणि हात धुतले. डोकं अजून दुखत होतं.

"डोकं दुखायचं कधी थांबेल, बाबा?"

"जातील काही दिवस. ताकात मीठ घालत जा. पोटभर जेवत जा."

"आणि राग?"

बाबांनी ताट पुसून घेतलं.

त्र्यंबकराव वाकून पाया पडले आणि निघाले. दारापर्यंत गेले, तिथं थांबले. खाली दरीत गावाकडची वाट दिसत होती. दुपारची गाडी निघून गेली असेल, तर सून आणि नात आता घरी सापडणार नव्हत्या.

"सुनेला काय सांगू?" त्यांनी मागे न वळताच विचारलं. "माफी मागू? नातीला जवळ घेऊ? पोर माझ्याकडे यायची नाही आता. काय सांगू त्यांना, बाबा?"

"काही सांगू नकोस," सोमगिरी बाबा म्हणाले. "सुनेला विचार, जेवलीस का."