इवलीच्या झबल्यावरचा डाग

आटपाट घर होतं. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. घरात माई होत्या. माईंची नवी सून शाल्मली होती. आणि ओट्याखाली इवली नावाची उंदरीण होती.

इवलीकडे एक झबलं होतं. पांढरं. मऊ. आणि एकच.

संध्याकाळी इवलीच्या मावशीकडे बारसं होतं. बारशाला घुगऱ्या होत्या.

सकाळी इवली मिसळणाच्या डब्यात डोकावली. नुसती डोकावली. पाय घसरला. धुप्प!

झबल्यावर हळद. पोटावर पिवळा डाग. मुगाच्या डाळीएवढा.

"अगं बाई," इवली म्हणाली.

तुरु तुरु, तुरु तुरु. इवली मोरीत गेली. मोरीत साबण होता. इवलीने काही विचारलं नाही. झबलं साबणावर घासलं. खसा खसा, खसा खसा.

डाग लाल झाला.

"साबणा, हे काय?"

"हळदीला साबण लागला की ती लाल होते," साबण म्हणाला.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

इवलीने झबलं उलटसुलट करून बघितलं.

"आता पाण्यातून काढ," साबण म्हणाला. "पुन्हा पिवळा होईल. हळदीचा डाग हे उन्हाचं काम. उन्हाकडे जा."

खळबळ खळबळ. डाग पुन्हा पिवळा झाला.

तुरु तुरु, तुरु तुरु. इवली गॅलरीत गेली. काचेतून ऊन आत आलं होतं. फरशीवर बसलं होतं.

"उन्हा उन्हा, डाग ने ना. मी बारशाला जाऊ कशी?"

"नेईन की," ऊन म्हणालं. "पण झबलं पसरणार कुठे? आधी दोरीने जागा द्यावी, मग मी डाग नेईन. आणि लवकर हं. चार वाजले की मी समोरच्या इमारतीवर जातं."

तुरु तुरु, तुरु तुरु. इवली दोरीकडे गेली.

"दोरी दोरी, जागा दे ना. ऊन डाग नेईना. मी बारशाला जाऊ कशी?"

"कुठून देऊ?" दोरी म्हणाली. "या टोकापासून त्या टोकापर्यंत चादर आहे. आधी चादरीने वाळावं, मग मी जागा देईन."

सर सर, सर सर. इवली वर चढली.

"चादरी चादरी, वाळ ना. दोरी जागा देईना, ऊन डाग नेईना. मी बारशाला जाऊ कशी?"

टप टप. टप टप.

"मला दुहेरी टाकलंय," चादर म्हणाली. "वरून कोरडी, आतून ओली. आधी वाऱ्याने वाहावं, मग मी वाळेन."

तुरु तुरु, तुरु तुरु. इवली खिडकीपाशी गेली. फटीला तोंड लावलं.

"वाऱ्या वाऱ्या, वाहा ना. चादर वाळेना, दोरी जागा देईना, ऊन डाग नेईना. मी बारशाला जाऊ कशी?"

"मी इकडे, तू तिकडे," वारा म्हणाला. "मध्ये काच. आधी खिडकीने उघडावं, मग मी वाहीन."

इवलीने मान वर केली.

"खिडकी खिडकी, उघड ना. वारा वाहेना, चादर वाळेना, दोरी जागा देईना, ऊन डाग नेईना. मी बारशाला जाऊ कशी?"

"उघडले असते गं," खिडकी म्हणाली. "पण कडी गंजलीय. दिवाळीपासून कुणी हात लावला नाही. आधी तेलाने यावं, मग मी उघडेन."

तुरु तुरु, तुरु तुरु. इवली शिवणाच्या डब्याकडे गेली. डब्यावर बिस्किटांचं चित्र होतं. आत बिस्किटं नव्हती. इवलीने ते आधीच बघून ठेवलं होतं. आत मशीनच्या तेलाची बुधली होती.

"तेला तेला, ये ना. खिडकी उघडेना, वारा वाहेना, चादर वाळेना, दोरी जागा देईना, ऊन डाग नेईना. मी बारशाला जाऊ कशी?"

"टोपण घट्ट आहे," तेल म्हणालं. "ते फक्त माईंचं ऐकतं. आधी माईंनी टोपण काढावं, मग मी येईन."

माई शेजारीच बसल्या होत्या. मांडीवर सदरा. एका हातात सुई, दुसऱ्या हातात दोरा.

"माई माई, टोपण काढा ना. तेल येईना, खिडकी उघडेना, वारा वाहेना, चादर वाळेना, दोरी जागा देईना, ऊन डाग नेईना. मी बारशाला जाऊ कशी?"

माईंनी चष्म्यावरून बघितलं.

"उंदीर का गं तू?"

"हो."

"कपड्यांच्या कपाटात जायचं नाही."

"नाही जात."

"मग ठीक आहे. पण मला वेळ नाही. सकाळपासून दोरा ओवतेय. ह्यांच्या सदऱ्याचं बटण लावायचंय. सुयांची भोकंच हल्ली लहान करतात मेले."

स्वयंपाकघरातून शाल्मली म्हणाली, "माई, मी देऊ का ओवून?"

"नको गं! दिसतंय मला!"

मग माई वाकल्या. इवलीच्या कानात म्हणाल्या, "आधी तू दोरा ओव, मग मी टोपण काढीन. कुणाला सांगू नकोस."

इवलीने दोरा घेतला. टोक मऊ. टोक वाकडं. भोकाशी आलं की मान टाकायचं.

घड्याळात बारा वाजले.

इवलीने विचार केला. आणि या वेळी विचारलंसुद्धा.

तुरु तुरु, तुरु तुरु. इवली मोरीत गेली.

"साबणा साबणा, दोऱ्याचं टोक ताठ होईल का?"

"होईल," साबण म्हणाला. "ओलं न करता माझ्यावर घास. आणि ओढ."

घास घास. ओढ. टोक काडीसारखं ताठ झालं.

तुरु तुरु, तुरु तुरु. माईंनी सुई धरली. इवलीने एक डोळा मिटला. सुळ्ळकन! दोरा आरपार.

मग?

माईंनी टोपण काढलं. फट्ट!
तेल आलं. टप!
खिडकी उघडली. कर्रर्र... खाट!
वारा वाहिला. सूं सूं, सूं सूं!

शाल्मली पोळपाट ठेवून गॅलरीत आली. तिने चादर काढली. झटकली. एकेरी पसरली.

"दुहेरी कुणी टाकली होती?" माईंनी आतून विचारलं.

टाकली होती माईंनीच.

"वारा छान सुटलाय, नाही का माई?" शाल्मली म्हणाली.

फड फड, फड फड. एक वाजता चादर वाळली. शाल्मलीने घडी घातली. दोरीने जागा दिली. झबलं दोरीवर बसलं. चिमटा झबल्याहून मोठा होता.

एक ते दोन, ऊन बसलं. डाग राईएवढा झाला. शाल्मलीने झबल्यावर पाणी शिंपडलं.
दोन ते तीन, ऊन बसलं. डाग खसखशीएवढा झाला. शाल्मलीने पुन्हा पाणी शिंपडलं.
तीन ते चार, ऊन बसलं. डाग कुठेच नव्हता.

"येतं हं," ऊन म्हणालं आणि समोरच्या इमारतीवर गेलं.

इवलीने झबलं काढलं. पांढरं. मऊ. गरम गरम. ती घालणार, एवढ्यात माई आल्या.

"बघू," माई म्हणाल्या. "अगं, हे तर नवंच दिसतंय!"

"हो," इवली म्हणाली.

"थांब मग. नवं कापड असं कोरं अंगावर घालतात का?"

माई आत गेल्या. बाहेर आल्या. त्यांनी झबल्याच्या कोपऱ्याला बोट लावलं.

हळदीचं.

कोपऱ्यावर पिवळा डाग. मुगाच्या डाळीएवढा.

इवलीने डागाकडे बघितलं. इवलीने माईंकडे बघितलं. माई खूश होत्या.

"आता कसं शोभलं!" म्हणाल्या आणि बटण लावायला गेल्या.

इवली उभी राहिली. ऊन तर निघून गेलं होतं.

शाल्मली खाली बसली. तिने आपल्या नव्या साडीचा काठ उलटा केला. आत एक पिवळं बोट होतं. मग तिने घडी घातलेल्या ओढणीचा कोपरा दाखवला. तिथेही एक होतं. रुमालालासुद्धा होतं.

"आत दुमडायचं," शाल्मली हळूच म्हणाली. "माईंना माहीत असतं, की ते आहे. बाकीच्यांना दिसत नाही."

इवलीने कोपरा आत दुमडला.

तुरु तुरु, तुरु तुरु. इवली बारशाला गेली.

"अय्या, झबलं किती पांढरं!" मावशी म्हणाली. "काय लावलंस गं?"

"काही लावलं नाही," इवली म्हणाली. "ऊन दिलं."

आणि तिने दोन वाट्या घुगऱ्या खाल्ल्या.

दोरी झाली मोकळी, गोष्ट झाली वाळून. घडी घातली, उशाशी ठेवली. आता झोपा.