कुड्याचा गुण

ऐका तर. फार फार वर्षं झाली याला. डोंगराच्या कुशीत एक वाडी होती आणि त्या वाडीत धाकलूबाबा नावाचा एक म्हातारा झाडपाल्याचं औषध द्यायचा. कुणाकडून कधी काही घेत नसे. माणूस सोन्यासारखा, पण एका बाबतीत महाहट्टी. औषध कुठल्या झाडाचं, हे तो कधी म्हणजे कधी सांगायचा नाही.

साल काढायला एकटाच जायचा, पंच्यात गुंडाळून आणायचा आणि दार लावून कुटायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "पाला आहे रे बाबा, पाला!" लोकांना वाटे, म्हातारा आपली विद्या दडवतो. तसं नव्हतं हो. त्याच्या गुरूने त्याला बजावलं होतं, की आपण औषध देत असेपर्यंत झाडाची खूण दुसऱ्याला सांगितली की औषधाचा गुण जातो. बाबाने ते मनापासून खरं मानलं होतं. आता बोला!

एका हिवाळ्यात बाबा ओढ्यातल्या शेवाळावरून घसरला आणि पाय मोडून बसला. पायाला कामट्या बांधून ओसरीवर पडून होता बिचारा. नेमकी तेव्हाच शेजारच्या वेणूची धाकटी लेक रक्ताच्या आवेने अंथरुणाला खिळली. पोरीचे डोळे खोल गेले, पोटात पाण्याचा घोट ठरेना. गडीमाणसं सगळी घाटाखालच्या बाजाराला गेलेली. बाबाला उचलून रानात न्यायचं कुणी?

वेणू धापा टाकत ओसरीवर आली. "बाबा, काय आणायचं ते सांगा. मी आणते."

बाबा घुटमळला. पोर तर वाचायला हवी, आणि तोंड तर उघडायचं नाही. शेवटी म्हणाला, "कुड्याची साल आण." नुसतं नाव सांगितलं, खूण कुठे सांगितली, अशी त्याने आपल्याच मनाची समजूत घातली.

वेणू साल घेऊन आली. बाबाने तुकडा चावून पाहिला. जहर कडू लागायला हवा होता, लागला भलताच मवाळ.

"हा नव्हे गं. हा काळा कुडा. मला पांढरा हवा."

"मग पांढरा ओळखायचा कसा?"

बाबाने मान फिरवली. "जा, नीट बघून आण," एवढंच म्हणाला.

काय नीट बघणार ती? रानात कुड्याची तीन भावंडं. तिघांची पानं समोरासमोर, तिघांच्या सालीतून दुधासारखा चीक, तिघांच्या शेंगा जोडीने लोंबणाऱ्या. वेणू पुन्हा गेली आणि या वेळी साल आणली ती तिसऱ्याच भावंडाची. सोबतच्या डहाळीचं पान बाबाने बोटांनी चोळलं. ते मखमलीसारखं मऊ होतं.

"अरे देवा! हा तर तांबडा."

मग मात्र वेणूचा धीर सुटला. "बाबा, रान कुड्यांनी भरलंय. मी एकेक झाड सोलत फिरले तर माझी लेक राहील का तोवर? खूण सांगा!"

"सांगितली तर गुण जाईल गं," बाबा रडकुंडीला आला. "मग ती साल पाजून काय उपयोग? मीच माझ्या जिभेने तिला मारल्यासारखं होईल."

वेणूने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, गुण झाडाच्या सालीत आहे, की तुमच्या जिभेवर? तुम्ही कुणाशी काय बोललात, ते त्या झाडाला काय ठाऊक?"

शेजारच्या घरातून पोरीचं कण्हणं ऐकू येत होतं. सकाळी ती मोठ्याने रडत होती, आता तेवढीही ताकद उरली नव्हती. बाबाने डोळे गच्च मिटले, गुरूची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि बोलून टाकलं.

"शेंगा बघ. उकललेल्या नको, मिटलेल्या बघ. जोडीतल्या दोन शेंगांची टोकं खाली चिकटलेली असली, तर तो काळा. दोन्ही अंगाला अंग लावून एकच झाल्या असल्या, तर तो तांबडा. आणि एका देठाच्या दोन शेंगा खालपर्यंत सुट्या लोंबत असल्या, तर तो पांढरा. त्याचं पानही मोठं. सालीचा कण जिभेवर ठेव, तोंड कडूजहर झालं पाहिजे. पळ आता!"

वेणू पळाली. परत आली ती तोंड वाकडं करून थुंकतच आली. साल खरी होती.

काढा उकळला. बाबाने तो गाळून दिला. आपण गुण गेलेलं औषध पाजतोय, असंच त्याला वाटत होतं. पण दिवस मावळेपर्यंत पोरीच्या पोटातली कळ थांबली, आणि दुसऱ्या दिवशी तिने मीठ घातलेली पेज मागितली. वेणूला हसावं की रडावं कळेना. ती बाबाच्या पाया पडायला गेली, तर म्हातारा हुंदके देऊन रडत होता.

"बाबा, आता हो का रडता? पोर वाचली ना!"

"म्हणून तर रडतोय," बाबा म्हणाला. "माझ्या गुरूकडे तापाचा एक पाला होता. खूण न सांगताच ते गेले. पुढच्या पावसाळ्यात माझा एकुलता एक पोरगा तापाने गेला. रीतच तशी आहे म्हणून मी कुणाला बोल लावला नाही. तो पाला इथेच कुठेतरी उभा असेल गं. पोराला मांडीवर घेऊन बसलो होतो, तेव्हाही उभा असेल. मला ओळखताच आला नाही."

वेणू त्याचा हात धरून बसली.

पाय बरा झाल्यावर बाबाने सगळ्या वाडीला रानात नेलं, बाया, पोरं, म्हातारे, सगळ्यांना. एकेका झाडापाशी थांबून त्याचं पान, साल, शेंग त्यांच्या हातात दिली आणि खणखणीत आवाजात नाव सांगितलं. पुढे त्या वाडीत आवेने कुणाचं पोर गेलं नाही. तापाचा तो पाला मात्र कुणाला कधीच सापडला नाही.

म्हणून लहानथोरहो, एवढं ध्यानात ठेवा: सांगितल्याने विद्येचा गुण जात नाही, न सांगितल्याने मात्र विद्याच जाते.