ठकूमावशीचा क्लच

फार वर्षं झाली, बोरदऱ्याला अजून सडक यायची होती, तेव्हाची ही गोष्ट. गावात एकच ट्रॅक्टर होता. गंजून तांबूस झालेला, परदेशी, आणि इतका जुना की तो कुणी आणला हेही कुणाला सांगता येत नसे. डोंगर उतरून तो आपला आपणच आला, असं म्हणतात. तो चालवायची ठकूमावशी. मोट हाकणाऱ्या धोंडिबाची ती लेक.

एका श्रावणात तलावाच्या बांधाला भेग पडली. खाली सगळं गाव. ठकूमावशी दगडमातीची ट्रॉली घेऊन निघाली, पण चढावर जळकट वास आला. इंजिन धडधडत राहिलं आणि चाकं जागची हलेनात. क्लच गेला होता. इंजिनाचा जोर चाकांना देणारी ती तबकडी. तिचं अस्तर जळून राख झालं होतं. ज्या देशात तो ट्रॅक्टर घडला, तो देशही त्याला विसरला होता. नवी तबकडी येणार कुठून?

तिनं खाली ओंडके लावले आणि ट्रॅक्टर मधोमध उकलला. दोन तुकडे झालेले पाहून बायकांनी डोळ्यांना पदर लावला. त्या फटीतून ऊनऊन श्वास बाहेर आला, असं म्हणतात.

अस्तराला चामडं हवं होतं, जाड आणि मुरलेलं. तसं चामडं गावात एकच उरलं होतं, विहिरीचं पाणी ओढायची तिच्या बापाची मोट. तो गेल्यापासून ती मोट मावशीच्या घरात आढ्याला टांगलेली होती. मावशी तिला कुणाला हात लावू देत नसे. मोटेला अजून विहिरीच्या ओलीचा वास होता. मावशीनं ती खाली काढली, बराच वेळ उराशी धरली आणि मग चामडं कापायची रापी घेतली.

"बाबा, तवा बी पाणीच धरायचं हुतं, आता बी पाणीच धरायचंय."

चामड्याचं कडं तिनं एरंडेलात भिजवलं, तांब्याच्या खिळ्यांनी तबकडीवर ठोकलं. मग दोन्ही तुकडे जोडायची वेळ आली, तर ते एकमेकांत शिरेनात. गडी जोर लावू लागले.

"ढकलू नगा," मावशी म्हणाली. "जरा फिरवा. त्याचं ते बसंल."

त्यांनी फिरवलं, आणि बैलाच्या मानेवर जू टेकावं तसा हलका आवाज झाला.

मावशीनं पायाखालचा क्लच दाबला नि हळूहळू सोडला. ट्रॅक्टर गुरगुरला नाही, की हिसका बसला नाही. विहिरीच्या धावेवरून मोटेचे बैल जातात तसा तो बांधाकडे गेला, माती टाकून तसाच पाठमोरा मागं आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. मावशीचे हात मांडीवर नुसते पडून होते. इंजिनाखालून धोंडिबाचं गाणं ऐकू येत होतं, असं म्हणतात, आणि ती डोळे मिटून ते ऐकत होती. डोळे उघडले तेव्हा भेग बुजली होती. पाणी बांधाला टेकून शांत उभं होतं.

पुढे म्हातारपणी एका दुपारी ती ट्रॅक्टरवर बसून धुक्यात गेली, ती परतली नाही.

आजही बोरदऱ्याहून सासरी जाणाऱ्या लेकीची गाडी निघाली, की म्हाताऱ्या खिडकीशी वाकून ड्रायव्हरला सांगतात, "क्लच ठकूमावशीच्या पायानं सोड, बाबा." तो परगावचा असला तरी ऐकतो. आणि गाव कधी मागं सरायला लागलं, ते लेकीला कळतही नाही.