दाखला रस्त्यावर ठेवा

चूक सगळी उद्यान अधीक्षक ढवळीकरांची. केस पिकले, पण आळस काही सुटला नाही. पाणीबचतीच्या सरकारी निकषांवर बागेतले नवे फवारे तपासायचे होते, तर या गृहस्थांनी ते न चालवताच खुर्चीत बसून दाखला लिहिला: ‘पाणी फक्त हिरवळीवर पडते, थेंबही बाहेर जात नाही.’

मग बागेला दुप्पट पाणी लागायला लागलं आणि तपासणी समिती थेट बागेत आली. ढवळीकरांनी माळीण कौसल्येकडे बोट दाखवलं. “हीच नळ उघडे टाकते! आजच कामावरून काढतो हिला.”

कौसल्येची जीभ अडखळली नाही. “काढा की, साहेब! आधी तो दाखला तेवढा बाहेर रस्त्यावर ठेवा. मी फवारे सोडते.”

“अगं, भिजेल ना तो!” ढवळीकर ओरडले.

समितीच्या बाई खो खो हसत सुटल्या. “अहो, थेंबही बाहेर जात नाही ना?”

त्यांनीच दाखला रस्त्यावर ठेवला, वर दगड ठेवला. कौसल्येने कॉक फिरवला, आणि पहिल्याच फेरीत साहेबांची निळी सही वाहून गेली!

कौसल्या अजून त्याच बागेत आहे. ढवळीकर निवृत्तीला चार महिने उरले असताना निलंबित झाले.