शनिवारची केळी

तळ्याकाठचे रान तोडून बंगले उभे राहिले, त्यानंतर काही वर्षांनी घडलेली ही गोष्ट. तेथील लोक शनिवारी मारुतीच्या नावाने कुंपणावर माकडांसाठी केळी ठेवीत आणि उरलेले सहा दिवस त्यांना दगड मारीत. अखेर तेथल्याच कुमुदताईंच्या तक्रारीवरून वनखात्याचा पिंजरा दुसऱ्यांदा आला. केळ्यासाठी एक म्हातारी माकडीण आत शिरली आणि दार पडले.

"आजी, पुन्हा तुम्हीच?" पिंजरा थकल्या स्वरात म्हणाला. "मागे पलीकडच्या काठावर सोडले होते. आता घाटापार नेणार. तेथून परत येणे नाही."

"वडावर माझा पोरका नातू आहे रे."

"मग केळ्याला भुललात कशाला?"

"आज शनिवार ना? आज ही माणसे दगड मारीत नाहीत."

इतक्यात कुमुदताई आल्या. त्यांनी पिंजऱ्याला हात जोडले, "मारुतीराया, राग मानू नकोस," असे पुटपुटल्या आणि नेमाप्रमाणे कुंपणावर केळी मांडून गेल्या.

वडाची फांदी हलली.

"उतरू नकोस! आता शनिवारीही पकडतात!" म्हातारी ओरडली.

पण शनिवार कसा ओळखायचा, हे तिनेच नातवाला शिकवले होते.