पोथीत नसलेली शिंक

"हे बदाम आहेत की चिंचोके?" दुर्जयराव महाराज मुदपाकखान्याच्या दारात असे गरजले, की पांडोबा आचाऱ्याच्या हातातला झारा कढईत पडला!

झालं होतं असं. युवराज रणधीर सकाळी उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत राज्याची पोथी वाचायचे. कुठला गड कसा घेतला, नद्या कुठून येतात, दुष्काळात कोठारं कधी उघडायची, सगळं त्या पोथीत. वाचताना मान डोलवायचे, "येतंय, येतंय!" म्हणायचे. पोथी मिटली की पाटी कोरी! दसऱ्याला भर दरबारात शास्त्रीबुवा परीक्षा घेणार होते. उत्तरं आली तरच मानाचा शिरपेच. आणि महाराजांचं असं, की एकदा डोक्यात शिरलं ते ब्रह्मदेवाच्या बापालाही काढता यायचं नाही. त्यांनी ठरवून टाकलं, स्मरणशक्ती असते बदामात. पोरगा ओंजळी भरभरून बदाम खातोय, तरी विसरतोय. म्हणजे आचाऱ्याचे बदामच किडके!

"दसऱ्याला युवराज अडखळले, की तू चूलबोळकी उचलायची आणि राज्याबाहेर व्हायचं!"

पांडोबाच्या तोंडचं पाणीच पळालं. बापजाद्यांपासून त्या चुलीवर राबलेलं घर ते, जाणार कुठं? कोपऱ्यात त्याची लेक सगुणी भिजवलेले बदाम सोलत बसली होती. पण गप्प बसेल तर ती सगुणी कसली!

"महाराज, बदामाला कशाला बोल लावता? भाताचा वास घेऊन कुणाचं पोट भरलंय का? युवराज पोथीचा नुसता वास घेतात. ती मिटल्याशिवाय कळायचं कसं, आत किती गेलं ते?"

"अस्सं!" महाराजांनी मिशीला पीळ दिला. "मग मिटलीच पोथी! आजपासून ती माझ्या पेटीत, आणि किल्ली माझ्या कमरेला. युवराजांची तयारी आता तू करायची. आणि ऐक, पोथीतलं एक अक्षर जरी त्यांना सांगितलंस, तर दसऱ्याचीही वाट बघणार नाही!"

महाराज गेले. पांडोबानं कपाळाला हात लावला. "अगं सटवे, जिभेला काही हाड? पोथी नाही, शिकवायचं नाही, मग काय करणार? कप्पाळ?"

सगुणी बदामाची वाटी घेऊन बागेत गेली. युवराज तिथं तोंड पाडून बसले होते.

"धाकटे सरकार, तुमचे पणजोबा म्हणजे भारीच हो!" सगुणी म्हणाली. "चंदनगडापाशी जाऊन एवढ्या मोठ्यानं शिंकले, की किल्लेदार घाबरून पळालाच!"

"शिंकले?" युवराज ताडकन उठले. "कुणी सांगितलं तुला?"

"मग कसा घेतला गड?"

"गड... घेतला... थांब, मी वाचलंय!" पण वाचलेलं काही केल्या आठवेना.

"राहू द्या. बाजारात मी शिंकच सांगते सगळ्यांना."

"खबरदार!" आजोबा-पणजोबांची अब्रू म्हणजे काय चेष्टा आहे? युवराज येरझाऱ्या घालू लागले, डोकं खाजवू लागले, आणि एकदम ओरडले, "मीठ! गडावर मीठ जाऊच दिलं नाही! अळणी जेवून जेवून किल्लेदार कंटाळला आणि स्वतःच खाली उतरला!"

"अगं बाई! मी ऐकलं होतं ते खोटंच म्हणायचं!" सगुणीनं पदराआड हसू दाबलं.

मग काय, रोजचाच तमाशा! सगुणीनं नदी उलटी वाहवायची, युवराजांनी ती सुलटी करायची. गडाचं बोलता बोलता ती मध्येच कोठारांवर उडी मारायची, कोठारांवरून पुन्हा नदीवर. अगदीच अडलं तर युवराज शास्त्रीबुवांकडे धावत जायचे, विचारून यायचे आणि तिला ठणकावून सांगायचे. चार दिवस गेले की ही भोळेपणानं म्हणायची, "विसरले बाई! परत सांगा ना." युवराज चिडायचे, कपाळ बडवायचे, पण सांगायचे. बदाम मात्र वाटीत तसेच राहायचे.

दसरा उजाडला. दरबार खच्चून भरला. शास्त्रीबुवांनी घसा खाकरला. "युवराज, चंदनगड आपल्या राज्यात कसा आला?"

युवराजांनी तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं! एवढी माणसं, एवढे डोळे! महाराज हळूच वळले. "पांडोबा, चूल विझव."

पांडोबा निमूट दाराकडे वळला. प्रसादाचं ताट घेऊन आलेली सगुणी खांबाआडून हे बघत होती. आता लाजून काय उपयोग! ती जीव खाऊन ओरडली, "शिंकून!"

"पुन्हा तेच!" युवराज गर्रकन वळले. "कितीदा सांगू तुला? मीठ! मीठ अडवलं होतं!" आणि बांध फुटावा तसे बोलतच सुटले. मिठापासून नद्या, नद्यांपासून कोठारं! शास्त्रीबुवा विचारायचे थांबले, तरी युवराज थांबेनात. दरबारानं टाळ्यांचा कडकडाट केला.

पण महाराज ते महाराज! "थांबा! पोरीनं भर दरबारात उत्तर पुरवलं. अट मोडली!"

सगुणी ताट घेऊन पुढं आली. "महाराज, अट होती, पोथीतलं एक अक्षर सांगायचं नाही. किल्ली तुमच्याच कमरेला आहे. काढा पोथी, आणि दाखवा तिच्यात शिंक कुठं आहे ते!"

पोथी आली. शास्त्रीबुवांनी पानन् पान चाळलं. मीठ होतं, गड होता, शिंकेचा पत्ता नव्हता! महाराजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते असे खदखदून हसले, की मुकुट कानावर आला.

"हरलो गं पोरी! पांडोबा, हे घे सोन्याचं कडं. ती चूल तुझ्या पोरानातवंडांपर्यंत तुमचीच! आणि सगुणे, तुला काय हवं?"

"शास्त्रीबुवांच्या पाठाला युवराजांशेजारी एक पाट द्या, महाराज. आणि ते बदाम बंद करा. सोलून सोलून माझी नखं गेली!"

"दिलं!" महाराज पुन्हा हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना सणसणीत शिंक आली.

युवराजांनी हात जोडले. "आबासाहेब, हा कुठला गड घेतलात?"