हनुवटीवरचे तीन ठिपके

वस्तू माणसांशी मोकळेपणानं बोलत, त्या दिवसांतली गोष्ट. दाजीबांच्या फोटो स्टुडिओत एक छोटा मॉनिटर होता. जुन्या फोटोंवरचे डाग तो दाखवी आणि माऊस ते पुसून काढी.

एकदा हौसाक्का वारलेल्या आईचा एकुलता एक फोटो घेऊन आली. दोघांनी तो लख्ख केला. हौसाक्का बघत राहिली. "दाजीबा, फोटो झ्याक झालाय, पण ही माझी आई न्हाई."

"एवढे डाग पुसले, तरी हिचं आपलं काहीतरी आहेच!" माऊस फणकारला.

छोटा मॉनिटर मात्र विचारात पडला. मग ठामपणे म्हणाला, "दाजीबा, मला पुरतं दिसत नाही. मोठा मॉनिटर आणा."

"वेड्या, मग तुझं काय होईल?" माऊसनं विचारलं.

"ते मागाहून बघू. आधी तिची आई सापडू दे."

मोठा मॉनिटर आला. त्यावर मूळ फोटो उघडला, तर हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके! माऊस ओशाळला. "मी तर धूळ म्हणून पुसले."

या वेळी ठिपके राखून फोटो पुन्हा लख्ख केला. त्या ठिपक्यांवरून हौसाक्कानं हळूच बोट फिरवलं.

दाजीबांनी छोट्याला मोठ्याशेजारीच बसवलं. म्हणाले, "तू इथंच राहा, बाबा. दिसत नसेल तर 'दिसत नाही' म्हणणारा एकजण जवळ हवा."